बारा पेरं

मोशीच्या सिग्नलला मागून आलेल्या पिकअपनं रणजीतच्या मोटरसायकलला धक्का दिला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. धक्का तसा किरकोळच. मागचा दिवा फुटला, नंबरप्लेट वाकली, आणि रणजीत पोटानं टाकीवर आपटून पुन्हा सीटवर बसला. पिकअपवाला भांडायच्या तयारीनंच खाली उतरला. चूक स्वतःची होती, त्यामुळे आवाज त्यानं आधीच चढवून ठेवला होता. "ओ राव, मधीच ब्रेक काय दाबता? मागं गाड्या हायत का न्हाई?" रणजीतनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. पोटातून काही वर आलं नाही. कान तापले नाहीत, दातांवर दात बसले नाहीत. "जाऊ द्या भाऊ," तो म्हणाला, "तुम्हाला कुठं लागलं नाही ना?" पिकअपवाला गडबडला. उगारलेला हात त्यानं उगाच मानेवर फिरवला, रणजीतच्या तोंडाकडे जरा निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमी बरे हाय ना?" सिग्नल सुटला. मागच्या कंटेनरनं भोंगा वाजवला. रणजीत चाकणच्या दिशेनं निघाला खरा, पण तो प्रश्न त्याच्या छातीत कुसळासारखा अडकून राहिला. आपण बरे आहोत का?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रसंग घडता तर मोशीचा चौक गोळा झाला असता. रणजीतचा राग ही दिघीत माहीत असलेली गोष्ट होती, आणि कंपनीत तर त्याला भोंगाच म्हणायचे. पत्र्याला आकार देणारी शंभर टनी प्रेस सलग धपधपत असताना, कानात बोळे घातलेल्या माणसालाही त्याचा आवाज ऐकू जायचा. आवाज वडिलांचा. सोनबांनी बांधावरून हाक मारली की पार लष्कराच्या तारेपाशी गेलेली म्हैस मान वर करायची, असं आई अजून सांगते. पुढे बांध गेला, म्हैस गेली, तिथं चार मजली इमारती उठल्या. आवाज तेवढा मुलाकडे आला, आणि त्याला मोकळं रान राहिलं नाही. मग तो ताटावर निघायचा, दारावर निघायचा. खाली मोटरसायकल वाजली की तनुजा टीव्ही बंद करायची. नवरा घरी येतोय म्हणून बायको आधी टीव्ही बंद करते हे रणजीतला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं, आणि कळलं त्या दिवशी त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तो जेवला नाही. आज सकाळी निघताना आई मात्र वेगळंच बोलली. शालनबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. "चार दिस झालं, गप बसून हायस," त्या म्हणाल्या. "त्यापरीस वरडत जा बाबा. तू वरडायचास तवा कळायचं तरी, तुला काय व्हतंय ते." बूट घालता घालता त्यानं तीन श्वास मोजले.

मोजायला शिकवलं सुमनताईंनी. एका ऑपरेटरच्या दिशेनं रणजीतनं मापाचं लोखंडी गेज भिरकावलं होतं. ते त्याला लागलं नाही, मागच्या भिंतीचा पोपडा तेवढा निघाला. पण त्यानंतर कंपनीनं त्याच्यापुढे दोन रस्ते ठेवले, राजीनामा नाहीतर ध्यानाचं शिबीर. रावेतमधल्या एका हॉलमध्ये, पांढऱ्या गाद्यांवर, वेगवेगळ्या कंपन्यांतले तीसेक सुपरवायझर तीन दिवस मांडी घालायचा प्रयत्न करत होते. रणजीत पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसत होता, दुसऱ्या दिवशी झोपला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणाला सांगता येणार नाही असा, रडला. सुमनताई साठीच्या, बारीक आवाजाच्या. त्या म्हणायच्या, राग आला की त्याच्या मागं धावू नका, त्याला हाकलूही नका. नुसती दखल घ्या, आणि सोडून द्या. मागच्या रांगेतून भीमराज नावाच्या एका रांगड्या माणसानं विचारलं होतं, "ताई, पण राग बरोबर असला तर?" सगळे हसले. ताईही हसल्या, काहीतरी सांगणार होत्या, पण तेवढ्यात चहा आला. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, आणि मिळालं नाही हे रणजीतच्या लक्षातही राहिलं नाही. आत्ता, चिंबळी फाट्याच्या गर्दीत, ते लक्षात आलं. चहाचा वाससुद्धा आठवला, गवती चहाचा.

कारण गुण आला होता. खोटं कशाला बोला, खरंच आला होता. सहा महिन्यांत रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. एका संध्याकाळी तो गॅलरीत बसला असताना तनुजा न बोलावता शेजारी येऊन बसली, आणि टीव्ही आत चालूच होता. त्या एका संध्याकाळसाठी रणजीतनं काहीही दिलं असतं. म्हणून मग कंपनीनं विचारलं, तुमच्या लाइनवर हे सुरू कराल का, तेव्हा तो मनापासून हो म्हणाला. शिफ्ट सुरू होताना दोन मिनिटं, जेवणानंतर दोन, चहानंतर दोन. घंटा झाली की सगळ्या प्रेस थांबायच्या. नुसते डोळे मिटून उभे राहा म्हटल्यावर माणसं चुळबुळ करायची, एकमेकांना कोपरं मारायची. मग त्यानं स्वतःच्या डोक्यानं युक्ती काढली. सोनबांच्या हाती माळ नसली की ते बोटांच्या पेरांवर जप करायचे. चार बोटं, बारा पेरं, अंगठा एकेकावरून फिरत जायचा. रणजीतनं तेच लावलं. उजवा हात छातीशी घ्या, अंगठा पहिल्या बोटाच्या खालच्या पेरावर ठेवा, एका पेराला एक श्वास. बारा झाले की दोन मिनिटं झाली, घड्याळ बघायला नको. हे सगळ्यांना पटलं. नांदेड-परभणीकडची माणसं, कोकणातली माणसं, सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी असं मोजणारं होतंच. साठ माणसं डोळे मिटून छातीशी हात घेऊन उभी आहेत आणि पहिल्यांदाच पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज ऐकू येतोय, हे पाहिलं की रणजीतचा ऊर भरून यायचा. आयुष्यात आपण काही चांगलं केलं असेल तर हेच, असं त्याला वाटायचं.

सहा मिनिटांचा हिशेब मात्र कुणी केला नाही. म्हणजे वरून कुणी केला नाही. दिवसाची सहा मिनिटं थांबलेली प्रेस म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी नग कमी, आणि टार्गेट होतं तेवढंच राहिलं. रणजीतनं पहिल्या आठवड्यात मनात धाकधूक ठेवून आकडे पाहिले. कमी होते. दुसऱ्या आठवड्यातही कमी. मग हळूहळू भरून आले, दसऱ्यानंतर तर पुरे झाले. त्याला वाटलं, मन शांत झालं, हात चालायला लागले. नुसतं वाटलं नाही, त्यानं तसं सांगितलं. प्लँट हेड निरंजन साहेबांच्या समोर, पडद्यावर तक्ता लावून, आपल्या त्या मोठ्या आवाजाला लगाम घालत त्यानं सांगितलं, की शांत माणूस जास्त काम करतो. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. कँटीनच्या दाराशी त्याचा फोटो लागला. त्या फोटोत तो डोळे मिटून उभा आहे.

हॉस्पिटल हायवेला लागूनच, खाली टायरचं दुकान आणि वर दोन मजले. जिन्यात फिनेलचा वास. रणजीत तिसऱ्या पायरीवर थांबला. दुपारी दोनला बैठक होती. चार नंबरच्या प्रेसवर ऑपरेटर ज्योतीरामचा हात सापडला त्याला आज चौथा दिवस, आणि अहवालावर लाइनचा प्रमुख म्हणून रणजीतची सही राहिली होती. कागद त्यानं काल वाचला होता. कामगारानं सुरक्षा बटण परस्पर निकामी केलं, लाइन प्रमुखाला त्याची काही कल्पना नव्हती. एवढीच दोन वाक्यं महत्त्वाची, बाकी मशीनचा नंबर आणि वेळ. ही सही झाली की ज्योतीरामला घरी बसवणार, कारण ठपका त्याच्यावर येणार. आणि सही केली नाही, मला कल्पना होती असं म्हटलं, तर रणजीतला घरी बसवणार. कल्पना होती का, एवढाच प्रश्न होता. चार दिवस तो त्या प्रश्नाकडे सुमनताईंनी शिकवल्याप्रमाणे पाहत होता. दखल घेत होता, सोडून देत होता. तो प्रश्न काही जात नव्हता.

ज्योतीराम खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, उशीवर उचलून ठेवलेला. पायथ्याशी त्याची बायको करिष्मा मोसंबी सोलत होती. साहेबाला पाहून ती उठली आणि पदर सावरत भिंतीला टेकली. "बसा की साहेब," ज्योतीराम म्हणाला, जणू घरीच पाहुणा आला होता. रणजीत स्टुलावर बसला. काय बोलायचं हे त्यानं वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. "दुखतंय का?" त्यानं विचारलं. प्रश्न इतका बिनकामाचा होता की त्याचं त्यालाच कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. ज्योतीराम म्हणाला, "दुखतंय. पण साहेब, तुम्ही सांगितलं तसं करायलोय. पडल्या पडल्या मोजायलोय." आणि त्यानं तो पांढरा हात जरासा हलवला. पहिलं आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. अंगठा, अनामिका आणि करंगळी तेवढी पट्टीतून बाहेर होती, औषधानं पिवळी पडलेली. अंगठा सरकत सरकत अनामिकेच्या तळाशी पोचला. "आता सहाच होतात," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मला कळंचना. डोळे मिटले की बारा भरायचे. बोटं हायतच असं वाटायचं. उघडले की सहा. मग मी आता दोनदा मोजतो. सहा आणि सहा." तो हसला. कौतुकाच्या अपेक्षेनं हसला. भिंतीशी उभ्या करिष्मानं तोंड फिरवलं आणि मोसंब्याची साल मुठीत चुरगाळली. रणजीतला वाटलं आता आपण इथंच ओकणार. त्यानं श्वास घेतला. श्वास आज्ञाधारकपणे आत गेला, बाहेर आला, आणि ओकारी थांबली. ओकारी थांबली याचाच त्याला संताप यायला हवा होता.

"सुपारी ठेवायला कुणी सांगितलं होतं?" त्यानं विचारलं. खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा होते. हार, नारळ, हळदीकुंकू, आणि प्रत्येक मशिनपुढं गणपती म्हणून एक सुपारी. बाकीचं आवरतात, सुपारी टाकत नाहीत, ती वर्षभर पॅनेलच्या खोबणीत राहते. प्रेस खाली यायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे एकही हात खालच्या साच्यात, डायमध्ये, राहत नाही. ज्योतीरामनं आपल्या मशिनची सुपारी उजव्या बटणावर ठेवून वरून लाल टेप आवळली होती. बटण कायमचं दाबलेलं. मग डाव्या हातानं दुसरं बटण दाबायचं आणि उजव्यानं पत्रा सरकवत राहायचं. नगामागं सेकंदभर वाचायचा. त्या दिवशी फिटरनं टेप ओरबाडली तेव्हा ती सुपारी ठणठणत प्लॅटफॉर्मवरून खाली गेली होती, हळद लागलेली. "कुणी न्हाई सांगितलं," ज्योतीराम म्हणाला. "मोजणीचे नग भरून काढायचे होते ना. पाचर मारायची तर लाकडाची मारतात सगळे. मी म्हटलं देवाचीच हाय, देवच बघंल. भ्या वाटलं न्हाई." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि साहेब, तुम्ही ओरडला न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पहिल्यापासून कशावर पण ओरडायचे. हातमोजा न्हाई, ओरडले. तेल सांडलं, ओरडले. मग आम्हाला कळायचं, हे चालत न्हाई. त्या गुरुवारी तुम्ही माझ्या मशिनपाशी येऊन थांबला. डोळे मिटून थांबला. मी म्हटलं गेलो आता. पण तुम्ही काहीच बोलला न्हाईत. पुढं गेला. मग मी समजलो, साहेबाला चालतंय." तो पुन्हा हसला, आणि एकाएकी त्याचे डोळे भरले. "साहेब, माझी चूक हाय. मला माहीत हाय. पण कागदावर तेवढी लिहू नका. गावाकडं मी काय तोंड घेऊन जाऊ?"

गुरुवार. रणजीत जिना उतरला, मोटरसायकल सुरू केली, खालुंब्रेच्या बाजूला वळला, आणि सगळा वेळ तो त्या गुरुवारातच होता. दुपारच्या चहानंतरची वेळ. शिबिरात आवाज ऐकायलाही शिकवलं होतं. आवाजाला नाव देऊ नका, नुसता ऐका. तो लाइनमधून चालत होता, एकेका प्रेसचा ठोका अंगावर घेत होता, आणि चार नंबरपाशी आला तेव्हा दोन ठोक्यांमधली जागा कमी पडली. वीस वर्षं प्रेसमध्ये काढलेल्या माणसाला घड्याळ लागत नाही. तळपायातून कळलं. कुणीतरी बटण बांधलंय. आणि त्याच क्षणी पोटातून ती जुनी ओळखीची आग उसळली, गळ्यापर्यंत आली. तोंड उघडलंही असेल. "अरे कुणाचा हात तोडून घ्यायचाय!" एवढीच ती हाक होती, शब्दासकट तयार होती. पण रणजीत आता शिकलेला माणूस होता. तो थांबला. डोळे मिटले. आगीकडे पाहिलं. किती गरम आहे, कुठं आहे, कशी उतरते आहे. तीन पेरं मोजली. आग उतरली. त्याला इतकं हलकं वाटलं, इतका अभिमान वाटला, की संध्याकाळी त्यानं तनुजालाही सांगितलं, आज फार मोठा राग आला होता, मी जिंकलो. कशाचा राग, हे तिनं विचारलं नाही. त्यालाही ते आठवत नव्हतं. आगीबरोबर ते निघून गेलं होतं. आणि सोमवारी सकाळी, बारा पेरं मोजून झाल्यावर पाऊण तासानं, चार नंबरवरून किंकाळी आली.

म्हणजे कल्पना होती. चार दिवस सरळ न दिसणारी गोष्ट कंपनीच्या गेटवर कार्ड लावताना अगदी सरळ दिसली. कल्पना होती, आणि मी ती सोडून दिली. तो पूर्वीचा, ताटं आदळणारा, बायकोला धाकात ठेवणारा रणजीत त्या गुरुवारी तिथं असता, तर त्यानं ज्योतीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, टेप ओरबाडून काढली असती, आणि आज तो माणूस आपल्या उजव्या हातानं जेवत असता. या विचारापुढं काय करायचं ते सुमनताईंनी शिकवलं नव्हतं. भीमराजला कदाचित माहीत असेल. भीमराज कुठल्या कंपनीत होता हेही त्यानं विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता बसून राहिला आणि मनाशी पक्कं करत राहिला, सांगायचं. सांगून टाकायचं. नोकरी गेली तर गेली, दिघीत डोक्यावर छप्पर आहे. दोनची बैठक तीनला दहा मिनिटं कमी असताना सुरू झाली, तोवर ते पक्कं होतं.

वरच्या मजल्यावरची खोली. काचेतून खाली सगळी लाइन दिसते. चार नंबरवर आज दुसरा माणूस उभा होता. टेबलाशी निरंजन साहेब आणि एचआरची प्राजक्ता. प्राजक्ता जुनी ओळखीची, पिंपळे गुरवची, हसतमुख. आज तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. "दादा, बसा," ती म्हणाली. "पाणी घ्या." कागद टेबलावर सरळ ठेवला होता, सहीच्या जागी पेन्सिलची बारीक फुली. अवघड बैठक श्वासानं सुरू करायची, हा नियम कंपनीत रणजीतनंच आणला होता. साहेब म्हणाले, "रणजीत, आज आपल्या सगळ्यांनाच त्याची गरज आहे. घे एक मिनिट." त्यांच्या आवाजात खोट नव्हती. दोघांनी डोळे मिटले, उजवे हात छातीशी घेतले. रणजीतनंही घेतला. अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. खालून प्रेसचा धप धप येत होता. एक. दोन. तीन. पहिलं बोट संपलं. चार, पाच, सहा. मधलं बोट संपलं, आणि अंगठ्याखाली तिथं काही नसल्यासारखं त्याला झालं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. "त्या गुरुवारी. चार नंबरचा ठोका बदलला होता. बटण बांधलंय हे मला कळलं होतं. मी बोललो नाही."

कुणी डोळे उघडले नाहीत. प्राजक्ताचा श्वास मध्येच अडकलेला ऐकू आला. मग निरंजन साहेबांचा आवाज आला, मऊ, आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा. "असे विचार येणारच, रणजीत. अपघातानंतर प्रत्येकाला वाटतं, आपल्याला कळलं होतं. तूच शिकवलंस ना आम्हाला? दखल घे. सोडून दे."

रणजीतनं रागाची वाट पाहिली. आता येईल. या वाक्यावर तरी यायलाच हवा. त्यानं त्याला आत हाक मारली, त्या दोन बोटांची नावं घेऊन मारली, हातात चुरगाळलेली मोसंब्याची साल आठवून मारली, सोनबांनी बांधावरून मारावी तशी मारली. एकच शब्द मोठ्यानं बोलता आला असता तर पुढचं सगळं बोलता आलं असतं. पण जिथून तो यायचा तिथं फक्त गार हवा होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी. तो फार घाबरला. आणि घाबरलेपणही त्यानं पाहिलं, सवयीनं पाहिलं, तसं तेही ओसरलं. डोळे उघडले तेव्हा प्राजक्तानं कागद त्याच्यापुढं सरकवला होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पूर्वी सही करताना त्याचं पेन कागद फाडायचं, स्टोअरमधला माणूस चिडवायचा. आज अक्षर नीट आलं. शेवटचा फाटा त्यानं सावकाश ओढला आणि पेनचं टोपण लावलं.

खाली तीनची, चहानंतरची घंटा झाली. एकेक करत प्रेस थांबल्या. पत्र्यावर कबुतरं घुमायला लागली. काचेपलीकडे साठ माणसं छातीशी हात घेऊन उभी राहिली, चार नंबरवरचा नवा माणूसही. रणजीतनं डोळे मिटले, आणि न सांगताच त्याचा अंगठा हलायला लागला. सहावर थांबेल असं त्याला वाटलं होतं. थांबावा असं फार वाटत होतं. पण अंगठा पुढं सरकला, सात, आठ, नऊ, आणि त्याचे बाराही झाले.